कन्सोलला दिव्यांची खबरही लागू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेमिंग कन्सोल रंगीत एलईडी दिव्यांनी सजवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. छायाचित्रे देखणी होती. पण ‘पट्टी चिकटवा, यूएसबीत खोचा आणि मजा बघा’ एवढ्यावर विषय आटोपला आहे, आणि हे काम बिघडायला सुरुवात होते ती नेमकी तिथेच. हौसेने सजवलेला कन्सोल बंद पडतो तेव्हा दोष दिव्यांचा क्वचितच असतो. वीज भलत्या जागेवरून उचललेली असते, हवेची वाट अडलेली असते, किंवा गरज नसलेल्या ठिकाणी पेचकस घातलेला असतो. म्हणून या कामाचा एकच नियम मानावा: आपल्या अंगावर दिवे आहेत याची कन्सोलला खबरही लागू नये. त्याच्या मदरबोर्डवर एकही नवा सोल्डर नको, त्याच्या पंख्याच्या वायरला हात नको, आणि जमल्यास त्याच्या विजेतला एक थेंबही नको.

आधी विजेचा हिशेब. या कामाला बहुतेक जण डब्ल्यूएस २८१२बी जातीची पट्टी घेतात. तिच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि त्यांना हुकूम देणारी इवलीशी चिप असते. त्यामुळे प्रत्येक दिवा वेगळ्या रंगात पेटवता येतो. पट्टी ५ व्होल्टवर चालते. एक रंग पूर्ण पेटला की सुमारे २० मिलिअँपियर, तिन्ही रंग मिळून पांढरा पेटला की सुमारे ६०. मीटरला ६० दिवे असलेली एक मीटर पट्टी पूर्ण पांढरी केली तर ३.६ अँपियर, म्हणजे १८ वॅट. यूएसबी २.० चे पोर्ट देते ५०० मिलिअँपियर, यूएसबी ३ चे ९००. पोर्टच्या कुवतीच्या सातपट मागणी केल्यावर जे व्हायचे तेच होते: पट्टी क्षणभर लखकन पेटते, व्होल्टेज कोसळते, चिप पुन्हा सुरू होते, पट्टी पुन्हा लखकते. ही उचकी लागलेली दिसली की पट्टी खराब निघाली असे समजून दुकानदाराशी भांडू नका. वीज पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यूएसबीवरच भागवायचे असेल तर तेही जमते, पण मोजूनमापून. ६० दिवे, एका वेळी एकच रंग, आणि तेज २५५ पैकी ७० वर. प्रत्येक दिवा साधारण साडेपाच मिलिअँपियर घेतो, म्हणजे ६० दिव्यांचे ३३०. त्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ही पट्टी काळी असतानाही, म्हणजे एकही दिवा पेटलेला नसतानाही, प्रत्येक दिव्यातली चिप एक मिलिअँपियरच्या आसपास खातच असते. ते ६० आणि पट्टीला रंगांचे आदेश पाठवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचे, २५ धरले की बेरीज ४१५ च्या घरात जाते. ५०० च्या आत राहिलो, पण पांढरा रंग या हिशेबात बसत नाही. फास्टएलईडी या लायब्ररीत (प्रोग्रॅम लिहिताना वापरायच्या तयार संचात) आणि डब्ल्यूएलईडी या फर्मवेअरमध्ये (मायक्रोकंट्रोलरमध्ये भरायच्या तयार प्रोग्रॅममध्ये) विजेची कमाल मर्यादा घालून देण्याची सोय आहे; ती ४०० ते ४५० मिलिअँपियरवर लावावी. मात्र ही मर्यादा मोजमापावर चालत नाही, दिव्यांच्या संख्येवरून केलेल्या अंदाजावर चालते. पोर्ट आणि पट्टीच्या मधे यूएसबी मीटर लावून एकदा खरा आकडा पाहून घेणे शहाणपणाचे.

याहून जास्त उजेड हवा असेल तर पट्टीला स्वतःचा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्यावा. फर्मवेअरमध्ये मर्यादा २ अँपियर ठेवली तर ३ अँपियरचा अडॅप्टर निवांत चालतो. मर्यादा न लावता पूर्ण पांढरा पेटवायचा असेल तर ५ अँपियरचा घ्यावा. अडॅप्टरच्या वायरवर फ्यूज असावा. पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा, १० व्होल्टचा कपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग) लावावा. रंग अचानक बदलताना विजेची मागणी उसळते, तो धक्का तो पचवतो. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ज्या बाजूला असतो तो पाय ऋण असतो. उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटतो. हाच कपॅसिटर यूएसबी पोर्टवर मात्र लावू नये. यूएसबीच्या नियमाप्रमाणे पोर्टवर थेट दिसणारी धारिता (वीज साठवण्याची क्षमता) १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त नसावी. १००० चा कपॅसिटर खोचल्या क्षणी एवढी वीज ओढतो की काही पोर्ट त्याला शॉर्ट समजून बंद होतात. एकाच सुट्या भागाला अडॅप्टरवर शाबासकी आणि पोर्टवर हकालपट्टी, हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. ‘कन्सोल चालू झाला की दिवे लागावेत’ म्हणून पट्टी यूएसबीला जोडतात, मग उजेड कमी पडतो म्हणून त्याच पट्टीला अडॅप्टरही जोडतात. दोन्हींचे ५ व्होल्ट एकत्र आले. कन्सोल बंद असला तरी अडॅप्टरची वीज उलट्या दिशेने पोर्टमधून आत शिरते. कन्सोल नीट बंद होत नाही, अर्धवट जागा राहतो, आणि कधी पोर्टच्या मागची संरक्षक चिपच जाते. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरताना संगणकाची केबल आणि अडॅप्टर एकाच वेळी जोडलेले राहिले तर संगणकावरही हेच संकट येते.

कन्सोलबरोबर दिवे आपोआप लागायला हवेत, तर त्याचा निर्धोक मार्ग पीसी८१७ नावाचा चार पायांचा ऑप्टोकपलर. त्याच्या आत एका बाजूला छोटा एलईडी आणि समोर प्रकाशाने चालणारा ट्रान्झिस्टर असतो. दोन्ही बाजूंमध्ये विजेचा संबंध नसतो, फक्त उजेडाचा असतो. कन्सोलच्या यूएसबीचे ५ व्होल्ट ६८० ओहमच्या रेझिस्टरमधून (विजेचा प्रवाह आवरणाऱ्या भागातून) त्याच्या एलईडीला द्यायचे. तिथे १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३.८ व्होल्टवर साधारण साडेपाच मिलिअँपियर वाहतात. दुसऱ्या बाजूचा ट्रान्झिस्टर मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनला ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, खेचतो; पिनचा आतला पुल-अप (एरवी पिनला वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू ठेवायचा. पिन खाली गेली की दिवे लावा, वर आली की विझवा. कन्सोलचा ग्राउंड आणि दिव्यांचा ग्राउंड एकमेकांना शिवतही नाहीत. प्लेस्टेशन ५ मध्ये विश्रांती अवस्थेत यूएसबीला वीज द्यायची की नाही आणि द्यायची तर तीन तास की कायम, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. ते बंद केले नाही तर कन्सोल झोपल्यावरही दिवे जागे राहतील.

काहींना रंग बदलणारी पट्टी नकोच असते. चारदोन साधे निळे किंवा लाल एलईडी हवे असतात. तिथे प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्यावा. निळ्या-पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात, लालवर २. पाच व्होल्टवर १० मिलिअँपियर हवे असतील तर निळ्याला १८० ओहम आणि लालला ३०० ओहम येतात. बाजारात सहज मिळणारे २२० आणि ३३० वापरावेत, पाव वॅटचे पुरतात. एका रेझिस्टरवर चार एलईडी समांतर जोडले की ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो जास्त वीज ओढतो आणि बाकीचे मलूल दिसतात. लाल आणि निळा असे जोडले तर निळा पेटतच नाही.

वायरींबद्दल थोडेसे. कन्सोलच्या कवचात जागा नसते म्हणून सगळे केसासारखी बारीक वायर घेतात. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. ३० गेजच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.३४ ओहम. ३० सेंटिमीटर जायची आणि ३० यायची, त्यातून १ अँपियर वाहिला तर ०.२ व्होल्ट वाटेतच गेले. पट्टीच्या आतले तांबेही पातळ असते. परिणाम डोळ्यांना दिसतो: पट्टीची सुरुवात पांढरी आणि शेपूट पिवळसर-तांबूस. व्होल्टेज घटले की आधी निळा आणि हिरवा मंदावतात, कारण त्यांना ३ व्होल्टच्या वर लागतात; लालला २ पुरतात, तो शेवटपर्यंत तग धरतो. उपाय सोपा आहे. विजेच्या वायरी २२ गेजच्या घ्याव्यात, आणि पट्टी मीटरभराची असेल तर दोन्ही टोकांना वीज द्यावी. रंगांचे आदेश नेणारी डेटाची वायर मात्र २८ किंवा ३० गेजची चालते, तिच्यातून वीज अशी वाहतच नाही.

डेटाच्या वायरीची खोडी वेगळी. पट्टीला ५ व्होल्ट दिले असतील तर तिची चिप ३.५ व्होल्टच्या वरच्या पातळीलाच डेटातला ‘एक’ (आणि खालच्या पातळीला ‘शून्य’) मानते, हे तिच्या माहितीपत्रकातले प्रमाण. ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टच देतो. टेबलावर हे बहुधा चालून जाते, आणि तिथेच फसगत होते. कवच बंद झाले, तापमान वाढले, वायर थोडी लांब झाली की पहिला दिवा फडफडू लागतो आणि मागच्या सगळ्यांचे रंग वेडेवाकडे होतात. ७४एएचसीटी१२५ ही चिप मधे घातली की ३.३ चे ५ होतात आणि प्रश्न मिटतो. जागा नसेल तर एक जुगाड आहे: पट्टीचा पहिला दिवा कापून सुटा करायचा आणि त्याला १एन४००१ डायोडमधून वीज द्यायची. डायोडवर ०.७ व्होल्ट पडून दिव्याला ४.३ व्होल्ट मिळतात, त्यामुळे त्याची ‘एक’ची पातळी ३ व्होल्टवर येते आणि त्याला ३.३ समजतात. तो पुढच्या दिव्याला ४.३ व्होल्टचा सिग्नल देतो, तो ३.५ च्या वर असतोच. पहिला दिवा थोडा मंद दिसतो, म्हणून तो झाकलेल्या जागी ठेवावा. कुठल्याही मार्गाने गेलात तरी पहिल्या दिव्याजवळ डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर असू द्यावा, आणि ही वायर शक्यतो वीतभर लांबीच्या आत ठेवावी.

खरे सांगायचे तर कन्सोलच्या आत ईएसपी३२ बसवण्याचा अट्टहास कशासाठी, हेच कळत नाही. त्याचे वायफाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, आणि हातातला गेमपॅडही बहुतेकदा त्याच पट्ट्यात बोलतो. अँटेनाच्या शेजारी दुसरा रेडिओ बसवायचा आणि मग बटण उशिरा लागते म्हणून कपाळाला हात लावायचा! मोबाइलवरून रंग बदलायची हौस असेल तर ईएसपी३२ कन्सोलच्या बाहेर, अडॅप्टरच्या शेजारी ठेवा. आत बसवायचा तर रेडिओ नसलेला एटीटाइनी८५ पुरे. तो थेट ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे वरचा डेटाच्या पातळीचा सगळा पेचच उद्भवत नाही. त्याची स्मृती अवघी ५१२ बाइटची आहे, पण दर दिव्याला ३ बाइट लागतात. ६० दिव्यांना १८० झाले. भागते.

आता हवा. प्लेस्टेशन ५ पुढच्या बाजूच्या फटींतून हवा घेतो आणि मागून सोडतो. एक्सबॉक्स सीरीज एक्स खालून आणि मागून हवा ओढून वरच्या १३० मिलिमीटरच्या पंख्याने बाहेर टाकतो. सजवणाऱ्यांच्या डोळ्यांना नेमक्या याच जागा भरतात: ती पुढची फट आणि ती वरची जाळी. तिथे पट्टी चिकटवली की उजेड सुंदर दिसतो आणि आत तापमान चढते. सिलिकॉनचे जलरोधक आवरण असलेली पट्टी तर या कामाला मुळीच घेऊ नये. ती जाड असते आणि स्वतःची उष्णता धरून बसते. उघडी पट्टी घ्यावी, शक्यतो ५ मिलिमीटर रुंदीची, आणि ती हवेच्या प्रवाहाला आडवी न लावता त्याच्या दिशेने लावावी. दिव्यांच्या १८ वॅटपैकी बहुतेक वीज शेवटी उष्णताच होते, ती कवचाच्या आत सोडायची की बाहेर, याचा विचार व्हावा. काम सुरू करण्याआधी एखादा जड गेम तासभर चालवून मागून येणाऱ्या हवेचे तापमान साध्या थर्मामीटरने लिहून ठेवा. काम झाल्यावर त्याच खोलीत, तोच गेम, तेवढाच वेळ. तीनचार अंशांची वाढ दिसली किंवा पंखा आधीपेक्षा मोठ्याने ओरडू लागला, तर पट्टीची जागा चुकली आहे.

चमकणारा पंखा बसवण्याची टूम तर सपशेल सोडून द्यावी. पहिल्या प्लेस्टेशन ५ चा पंखा १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी हवा आत घेऊन कडेने फेकणारा आहे. संगणकाचा १२० मिलिमीटरचा रंगीत पंखा हवा सरळ पुढे ढकलतो. व्यासाचा आकडा जुळला म्हणजे पंखा जुळला असे होत नाही. मूळ पंख्याच्या वायरीतून दिव्यांसाठी वीज चोरणेही तितकेच वाईट. पंख्याच्या वेगावर कन्सोलचे लक्ष असते आणि त्यात ढवळाढवळ झाली की तो स्वतःहून बंद होतो.

उघडायचे किती? प्लेस्टेशन ५ ची बाजूची पांढरी झाकणे पेचकसाशिवाय निघतात. सजावटीला तेवढे पुरे. त्याच्या प्रोसेसरवर गॅलियमयुक्त द्रवधातू लावलेला असतो. तो विजेचा वाहक आहे आणि अॅल्युमिनियमला खातो. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उचलली आणि तो ओघळला तर कन्सोलचा कारभार आटोपला. प्लेस्टेशन ४, ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स यांचा वीजपुरवठा खोक्याच्या आतच असतो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकून राहतो. त्या डब्याचे झाकण कोणत्याही कारणाने काढू नये. पहिल्या निन्टेंडो स्विचचे काम त्या मानाने सोपे: हातातल्या यंत्राला सोडून द्यावे आणि दिवे त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉकला लावावेत. डॉक हे जवळजवळ रिकामे प्लॅस्टिकचे खोके आहे, त्याला पंखा नाही आणि बाहेरच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट आहेत.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तो उजेड. पट्टी चिकटवली की दिव्यांचे ठिपके दिसतात, लग्नाच्या मांडवासारखे. सलग रेघ हवी असेल तर दिवा आणि दुधी पडदा यांतले अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराएवढे तरी पाहिजे. मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीत दोन दिव्यांमध्ये १६.७ मिलिमीटर असतात, आणि कन्सोलच्या कवचात एवढी पोकळी नसते. म्हणून मीटरला १४४ दिव्यांची पट्टी घ्यावी. तिथे अंतर ७ मिलिमीटरच्या आत येते. दिवे वाढले की वीज वाढते, हे विसरू नका. मर्यादा फर्मवेअरमध्ये त्याप्रमाणे बदला. जागा अगदीच कमी असेल तर दिवे भिंतीकडे तोंड करून लावावेत, म्हणजे परावर्तित झालेला उजेडच बाहेर येतो. आमच्या मते हीच पद्धत सर्वांत देखणी आहे, दिवा दिसत नाही आणि कन्सोल तरंगल्यासारखा वाटतो. तिसरा पर्याय ३ मिलिमीटर जाडीच्या, कडेने प्रकाशणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा. दिवा एका टोकाला, बाहेर; फटीत फक्त फायबर. उष्णता आणि वीज दोन्ही कवचाबाहेर राहतात. उजेड टोकाकडे कमी होत जातो, म्हणून दोन्ही टोकांना एकेक दिवा द्यावा आणि वळणे मोठी ठेवावीत. फायबर जिथे कोपऱ्यात मोडतो तिथेच सगळा उजेड सांडतो.

पारदर्शक अॅक्रिलिकवर कोरलेले चिन्ह कडेने उजळवणे हा या कलेचा शृंगार म्हणता येईल. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) १.४९, त्यामुळे पृष्ठभागावरच्या लंबाशी ४२ अंशांपेक्षा तिरका आलेला किरण बाहेर न पडता आतच उसळत राहतो, आणि जिथे ओरखडा भेटेल तिथे बाहेर निसटतो. कोरलेली रेघ पेटते ती यामुळे. ३ मिलिमीटरचा तुकडा घ्या, मागच्या बाजूने अर्धा मिलिमीटर खोल कोरा, आणि दिव्यासमोरची कड पाण्यात भिजवलेल्या ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिशपेपरने त्याच क्रमाने घासून चकचकीत करा. खडबडीत कडेवर उजेड आत जाण्याआधीच विखुरतो. मागच्या बाजूला रंग किंवा गोंद लावू नका. पृष्ठभागाला हवेऐवजी दुसरे काही चिकटले की किरण उसळायचे थांबतात आणि चिन्ह मंदावते. काळा कागद हवा तर नुसता टेकवून ठेवा. आणि हो, बोटांचे ठसे आणि धुळीचे कणही कोरीव रेघेइतक्याच इमानाने पेटतात, म्हणून हातमोजे घालून काम करा.

अॅक्रिलिकचा आणखी एक राग आहे, तो अल्कोहोलवर. लेसरने कापलेल्या अॅक्रिलिकच्या कडेत ताण साठलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावले की तिथे बारीक तडे उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. अॅक्रिलिक साबणाच्या पाण्याने पुसावे. कन्सोलच्या प्लॅस्टिकवर पट्टी चिकटवण्याआधी मात्र अल्कोहोलनेच पुसावे, नाहीतर हाताच्या तेलामुळे पट्टी आठवड्याभरात लोंबू लागते. इन्स्टंट ग्लू पारदर्शक भागाजवळ नको, त्याची वाफ बसून प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. गरम गोंद हवा बाहेर पडण्याच्या जागी वितळून सुटतो. अॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप सर्वांत बरी. उजेड नको तिथून झिरपत असेल तर काळा व्हिनाइल लावा. अॅल्युमिनियम टेप शॉर्टही करते आणि अँटेनाही झाकते.

सोल्डरिंग ३२० ते ३५० अंशांवर करावे. आधी पट्टीच्या पॅडवर आणि वायरच्या टोकावर स्वतंत्रपणे सोल्डर चढवून घ्यायचे आणि मग दोन्ही एकत्र करून दोन सेकंदांत इस्त्री उचलायची. रेंगाळलात तर पॅडच उखडून येतो. पट्टी तांब्याच्या खुणेवरच कापावी आणि बाणाची दिशा पाहावी. डेटा बाणाच्या शेपटीकडून आत जातो. उलट जोडली तर काहीच पेटत नाही, बिघडतही नाही. वीज देण्याआधी मल्टिमीटरने धन आणि ग्राउंड तपासा. मोठा कपॅसिटर लावला असेल तर मीटर क्षणभर वाजून गप्प होतो, ते ठीक. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे. नंतर सगळी पट्टी टेबलावर तासभर पेटवून ठेवा, आणि मगच चिकटवा.

बिघाड ओळखण्याची युक्ती अशी. ठराविक दिव्यापासून पुढे सगळा अंधार असेल तर गुन्हेगार दोनच असू शकतात: शेवटचा पेटलेला किंवा पहिला न पेटलेला. दोघांमधला सोल्डर आधी पाहा, मग दोन्ही दिवे बदला. लाल मागितला आणि हिरवा आला तर बिघाड काहीच नाही. ही पट्टी हिरवा-लाल-निळा असा क्रम मानते, तो फर्मवेअरमध्ये बदला. पांढरा निळसर वाटत असेल तर लाल, हिरवा, निळा यांचे तिन्ही आकडे २५५ न ठेवता २५५, १७६, २४० ठेवून पाहा. तेज हळूहळू वाढवताना सुरुवातीला एकदम उडी आणि नंतर काहीच फरक नाही असे वाटले तर गॅमा दुरुस्ती चालू करा. आपला डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे दिसतात ते या पट्टीच्या चालू-बंद होण्याच्या वेगामुळे, जुन्या डब्ल्यूएस २८१२बी मध्ये तो सेकंदाला ४०० च्या आसपास असतो.

एका गोष्टीला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे: कन्सोलचे मूळ स्थितिदर्शक दिवे बदलण्याला. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या बटणाभोवतीचे वर्तुळ हे त्या यंत्राचे तोंड होते. तीन चतुर्थांश लाल झाले की दुखणे गंभीर आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळत असे. तिथले एलईडी उपसून सगळीकडे निळे बसवले की निरोगी आणि आजारी कन्सोल सारखाच दिसू लागला. प्लेस्टेशन ५ चा पांढरा उजेड म्हणजे चालू, नारिंगी म्हणजे विश्रांती. आपले दिवे इतके प्रखर असू नयेत की हा फरक त्यात बुडून जाईल.

गेमपॅडमध्ये दिवे घालणाऱ्यांसाठी एक आकडा. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स गेमपॅडची बॅटरी १५६० मिलिअँपियर-तासांची. त्यात दहा दिवे घातले तर ते विझलेले असतानाही मिळून १० मिलिअँपियर खातात, म्हणजे कपाटात पडलेला गेमपॅड साडेसहा दिवसांत रिकामा. दिवे विझवून भागत नाही, मॉसफेटने (विजेने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने) त्यांची वीजच तोडावी लागते. आणि लिथियम बॅटरी ३.३ व्होल्टपर्यंत उतरली की निळा आधी मावळतो, ते दोष समजू नये.

उजेडाने कामही करता येते, याचे उदाहरण १९८९ च्या गेम बॉयचे. त्याच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. जाणकार त्याच्या काचेमागचा परावर्तक थर सोलून तिथे एलईडीचा पातळ पॅनेल सरकवतात, ध्रुवक (प्रकाश गाळणारी पातळ फिल्म) ९० अंशांत फिरवून लावतात आणि त्यामुळे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेले चित्र ७४एचसी०४ चिपने पुन्हा पूर्ववत करतात. पडदा आधीपेक्षा ठसठशीत दिसतो. थर सोलताना पाते काचेच्या कोपऱ्यात रुतले की काच टिचते, आणि ती काच पुन्हा मिळणे कठीण.

दिव्यांचे नाच निवडतानाही तारतम्य हवे. वेबच्या सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळायला सांगितले आहे, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असणाऱ्यांना त्याने झटका येऊ शकतो. घरातल्या दिव्यांनाही तोच निकष लावावा. टीव्हीच्या मागे लावायच्या पट्टीला ६५०० केल्विनचा स्थिर पांढरा रंग द्यावा, त्याने पडद्यावरचे रंग खरे दिसतात. इंद्रधनुष्य गेम बंद असताना फिरू दे.

शेवटी जोडणीविषयी. कन्सोलमधली धूळ दर काही महिन्यांनी काढावी लागते, आणि तेव्हा बाजूचे झाकण उघडावेच लागते. म्हणून दिव्यांची वायर थेट सोल्डर करून बंदिस्त करू नका. मधे तीन पिनांचा जेएसटी-एसएम कनेक्टर ठेवा. तो ३ अँपियरपर्यंत चालतो. विजेच्या बाजूला पिना आत लपलेला अर्धा भाग लावा आणि उघड्या पिनांचा अर्धा दिव्यांच्या बाजूला, म्हणजे अडॅप्टर चालू राहून कनेक्टर सुटला तरी लोंबणारे टोक कन्सोलच्या धातूला टेकून शॉर्ट होणार नाही. दोन्ही अर्ध्यांवर ५ व्होल्टची बाजू लाल खुणेने रंगवून ठेवा.

कळावे,
कन्सोलची दुरुस्ती व सजावट करणारे काही वाचक